४५ विद्यार्थी घेऊन जुलैत देवकुंड: जावं का?

भूगोलमास्तर | १४ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. दुसऱ्या वर्षाची एक दिवसाची क्षेत्रभेट असते, तिच्यासाठी यंदा वर्गाने एकमुखाने देवकुंड (रायगड जिल्ह्यात, भिऱ्याजवळचा धबधबा) मागितलंय. कारण सांगायला नकोच, प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये त्या हिरव्या कुंडाचं एखादं रील आहे. मलाही जागा विषयाच्या दृष्टीने हवीच आहे. बेसॉल्टचे थर, कड्याची झीज, धबधब्याखालचं कुंड, समोर भिऱ्याचं पॉवरहाऊस. एका दिवसात एवढं सगळं दुसरीकडे कुठे मिळणार?

बेत असा: ४५ मुलं, त्यात मुली २६. आम्ही शिक्षक तीन. पहाटे साडेपाचला बस, चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी करत भिरा. नऊला चालायला सुरुवात, बाराच्या आत कुंड, चारपर्यंत खाली, रात्री आठला पुण्यात. तारीख जुलैचा तिसरा शनिवार.

जाऊन आलेल्यांनी सांगावं: एवढा मोठा ग्रुप झेपेल का, वाट कशी आहे, गाइड लागतोच का, आणि मुलींसाठी कपडे बदलायची वगैरे सोय होते का?

---

सह्यभटकी | १४ जून, रात्री १०:१५

सर, आधी तारीख खोडा, मग बाकीचं बोलू.

पावसाळ्यात देवकुंडला जायला बंदी असते. माणगावच्या प्रांताधिकाऱ्यांकडून तसा आदेश निघतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचा, १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्याचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १६३ लागतं. आदेश निघाला की रस्त्यावरच पोलीस उभे असतात. ४५ मुलांची बस ताम्हिणी उतरून भिऱ्याच्या फाट्यावरून परत फिरवायची वेळ आली तर दिवस गेलाच, वर कॉलेजात उत्तरं द्यावी लागतील ती वेगळीच.

वाट म्हणाल तर एका बाजूने साधारण ६ ते ७ किलोमीटर. पहिला टप्पा बंधाऱ्याच्या पाण्याकडेने, जवळजवळ सपाट. मग रान लागतं, ओढे ओलांडावे लागतात, आणि शेवटचा पाऊण-एक किलोमीटर दगडधोंड्यांतून चढ. कोरड्यात सव्वादोन-अडीच तास. पोरं रमतगमत गेली तर तीन धरा. कठीण नाही, पण लांब आहे. आणि ओढे हीच खरी गोम आहे. जाताना घोट्याएवढं पाणी असतं, तोच ओढा येताना मांडीला लागतो.

---

कट्टेकरी_पुणे | १४ जून, रात्री ११:०२

बंदी बंदी काय करताय, दर रविवारी लोक जातातच. गावातल्या कुणाला तरी धरलं की नेतात मागच्या वाटेने. आणि धबधबा पावसाळ्यात नाही बघायचा तर काय मे महिन्यात बघायचा?

---

सह्यभटकी | १४ जून, रात्री ११:२०

@कट्टेकरी, तू आणि तुझे चार मित्र जा की, कोण अडवतंय? अडवले तर पोलीस अडवतील. इथे एक शिक्षक दुसऱ्यांची ४५ मुलं घेऊन निघालाय. मागची वाट त्याला सुचवू नकोस.

आणि मे महिन्यात कुणी म्हटलंच नाहीये. दिवाळीनंतरही देवकुंडला चांगली धार असते. जानेवारीपर्यंत तर काहीच चिंता नाही. तुम्ही लोक ज्या हिरव्यागार पाण्याचे फोटो टाकता ना, ते नोव्हेंबर-डिसेंबरचे असतात. जुलैत ते कुंड चहाच्या रंगाचं असतं आणि उडणाऱ्या तुषारांत समोरचा माणूसही नीट दिसत नाही.

---

डॉ_निवांत | १५ जून, सकाळी ७:३०

एक मुद्दा कायम राहून जातो म्हणून लिहितो. "माझ्या मुलाला पोहता येतं" हे वाक्य धबधब्याखाली लागू होत नाही. धार जिथे पडते तिथे पाण्यात हवा मिसळलेली असते. अशा पाण्यात शरीर नेहमीसारखं तरंगत नाही, सोड्याच्या फेसावर उभं राहायचा प्रयत्न करण्यासारखं ते आहे. त्यात वरून येणारी धार माणसाला खाली दाबते, खालचा प्रवाह त्याला पुन्हा धारेकडेच ओढतो. तलावात तासभर पोहणारा पोरगाही तिथे मिनिटा-दोन मिनिटांत थकतो. शिवाय धारेबरोबर वरून दगड येतात, त्याला पोहणं काय करणार?

गार पाण्यात एकदम उडी मारली की पहिला श्वास आपोआप, जोरात आत घेतला जातो. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर संपलंच. दमा किंवा फिट्सचा त्रास असलेली मुलं आधी शोधून ठेवा. फॉर्मवर पालक लिहीत नाहीत, मुलांना एकेकट्याला विचारलं की सांगतात.

---

मांडवीकाठी | १५ जून, सकाळी ९:१०

आमच्या गोव्यातलं सांगते. जुलै २०२३ मध्ये दूधसागरला बंदी असताना शेकड्यांनी लोक रुळांवरून चालत निघाले होते. रेल्वे पोलिसांनी अडवलं आणि कित्येकांना तिथेच उठाबशा काढायला लावल्या. ते व्हिडिओ सगळ्यांनी हसत हसत पाहिले. त्याच सुमारास सांगे तालुक्यातल्या मैनापीच्या धबधब्यात दोघे बुडाले होते, ते कोणी फॉरवर्ड केलं नाही.

मास्तरांच्या मुलांना उठाबशा नकोत आणि दुसरंही नको. नोव्हेंबरात जा.

---

भूगोलमास्तर | १५ जून, दुपारी १:४५

सगळ्यांचे आभार. बंदी असते हे कानावर होतं, पण प्रत्येक वर्षी लागते का, किती दिवस असते, हे नक्की नव्हतं. विभागप्रमुखांचं म्हणणं असं की क्षेत्रभेट पहिल्या सत्रातच संपवायला हवी, म्हणून जुलै. मुलं तर आतापासूनच टी-शर्ट छापायला निघालीत.

गावातलं कुणी इथे आहे का?

---

पाटणूसकर | १५ जून, रात्री ८:५०

नमस्कार सर. मी पाटणूसचाच, आता नोकरीला पनवेलला. भाऊ अजून गाइडचं काम करतो.

पहिलं म्हणजे मागच्या वाटेने कोणी नेतो म्हणाला तर त्याच्याबरोबर जाऊ नका. जो आदेश मोडून तुम्हाला वर नेतो, तो ओढा फुगला की तुमच्यासाठी थांबेलच असं नाही.

दुसरं, बंदीचं आम्हाला काही सुख नाही. पावसाळ्यातले शनिवार-रविवार म्हणजे गावची कमाई. पार्किंग, जेवण, गाइड, भुट्टेवाले, सगळे त्यावर. बंदी लागली की पोरं पुन्हा विळे-भागडच्या एमआयडीसीत हजेरीवर. तरी आम्हीच सांगतो येऊ नका, कारण अडकलेल्यांना काढायला रात्रीचं आम्हालाच जावं लागतं. दोर घेऊन, बॅटरी तोंडात धरून. तुमच्या बातमीत फक्त "स्थानिकांच्या मदतीने" एवढंच येतं.

पाणी कसं वाढतं ते सांगतो. पाऊस आमच्याकडे खाली पडत नसतो. वर पठारावर, अंधारबनच्या जंगलाच्या बाजूला पडतो. खाली ऊन असतं आणि लोक पाण्यात खेळत असतात. आधी पाण्याचा रंग बदलतो, गढूळ होतं. मग पालापाचोळा, काटक्या यायला लागतात. आवाज बदलतो, घुमल्यासारखा येतो. ही तीन लक्षणं दिसली की सामान उचलायलाही थांबायचं नाही. भाऊ शिट्टी मारतो तेव्हा शहरातली माणसं म्हणतात, "दादा, एकच फोटो." तोवर पाणी येतं.

दिवाळीनंतर या. गाइड घेणं भाग आहे, तो गावातच मिळतो. उशिरा आलात तर वर सोडत नाहीत, तेव्हा नऊ म्हणजे नऊ. भिऱ्याच्या पुढे मोबाइलला रेंज नसते, हे पालकांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर दुपारपासून त्यांचे फोन कॉलेजात सुरू होतात.

---

जुना_ट्रेकर | १५ जून, रात्री १०:३०

पाटणूसकरांच्या प्रतिसादाला +१००. मास्तर, हा वाखुसा (वाचनखूण म्हणून साठवून) करून ठेवा.

शाळा-कॉलेजच्या सहलींबद्दल थोडं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजचे १४ विद्यार्थी गेले. जून २०१४ मध्ये हिमाचलात बियास नदीच्या पात्रात फोटो काढायला उतरलेले हैदराबादचे २४ इंजिनिअरिंगचे विद्यार्थी वाहून गेले, वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशीच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण गेले, तो व्हिडिओ तर सगळ्यांनी पाहिलाय. यातलं कुणीही कडा चढत नव्हतं. कठीण ट्रेकला माणूस जपून असतो. पाण्याकाठी पोचलं की आता सहल सुरू झाली असं वाटतं आणि लक्ष सुटतं.

४५ ला ३ शिक्षक कमी पडतील. माझ्या मते अशा वाटेवर आठ-दहा मुलांमागे एक जबाबदार मोठा माणूस हवाच. माजी विद्यार्थी घ्या, एखाद्या गिर्यारोहण संस्थेची माणसं घ्या. सगळ्यात पुढे गाइड, सगळ्यात मागे एक दमदार माणूस, ज्याच्या मागे कोणीही राहायचं नाही. मुलांना नंबर द्या आणि प्रत्येक ओढ्यानंतर ते क्रमाने ओरडायला लावा. डोकी मोजायला गेलात तर दर वेळी वेगळा आकडा येतो, हा जगाचा अनुभव आहे.

दोर न्या, पण वापरता येणारा माणूस असेल तरच. कमरेला दोर बांधून फुगलेला ओढा ओलांडायचे प्रकार मी पाहिलेत. पाय सुटला तर तोच दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो.

---

शेवटचा_बाक | १६ जून, सकाळी ११:१५

मी विद्यार्थी आहे (मास्तरांच्या कॉलेजचा नाही, घाबरू नका सर).

आमच्याकडची बाजू ऐका. तुम्ही "पाण्यात जायचं नाही" म्हणून शिट्टी घेऊन बसता. तीन तास चालून आलेल्या मुलाला समोर पाणी दिसतं आणि नुसतं बघ म्हणता. मग तो लघवीला जातो सांगून खालच्या वळणावर उतरतो, जिथे कोणाचंच लक्ष नसतं. आमच्या ट्रिपला हेच झालं होतं. नशीब, फक्त गुडघा फुटला.

त्यापेक्षा एक उथळ जागा ठरवा, वेळ ठरवा, तिथे भिजू द्या. कुंडात कोणी जाणार नाही याची गॅरंटी मग मुलंच देतील. मोबाइल काढून घेण्याचा विचारही करू नका, दोन वर्ष तेच ऐकवतील.

---

सह्यभटकी | १६ जून, सकाळी ११:४०

@शेवटचा_बाक, हे कुठल्याच परिपत्रकात सापडणार नाही. सहमत.

कुंडाच्या बरंच खाली ओढा पसरट होतो, तिथे गुडघ्याएवढं पाणी असतं. जागा गाइडकडूनच ठरवून घ्या, दर वर्षी पुरात दगडगोटे हलतात. कुंडाची कड मात्र फसवी आहे. उथळ वाटते आणि चार पावलांवर तळ सुटतो.

---

भूगोलमास्तर | १६ जून, संध्याकाळी ६:२०

विभागात बोललो. देवकुंड नोव्हेंबरवर ढकललंय. पहिल्या सत्रात काहीतरी व्हायलाच हवं, तर पावसाळ्यात सुरक्षित असं काय सुचवाल? धबधबा हवाच असा वर्गाचा आग्रह कायम आहे.

---

लेणीवेडी | १६ जून, संध्याकाळी ७:०५

भाजे! लोणावळा लोकलने मळवली, तिथून चालत. बसचा खर्चच नाही. पायऱ्या आहेत, तिकीट आहे, रखवालदार आहे. समोरच धबधबा दिसतो आणि तो लेण्यांतून पाहायचा असतो, खाली उभं राहायची गरज नाही. चैत्यगृहाच्या छताला मूळच्या लाकडी कमानी आहेत, दोन हजार वर्षांहून जुन्या. ओळीने १४ स्तूप आहेत. बेसॉल्ट दाखवायचाच असेल तर छिन्नीने कापलेला दाखवा. फक्त रविवार टाळा, अक्षरशः जत्रा असते.

---

जुना_ट्रेकर | १६ जून, रात्री ९:००

लांब जायची तयारी असेल तर साताऱ्याजवळचं ठोसेघर. समोर कठडा बांधलेली जागा आहे, दरी पलीकडे आणि आपण अलीकडे. मोठ्या ग्रुपसाठी पावसाळ्यात धबधबा लांबूनच पाहावा, आणि खरं तर दिसतोही लांबूनच. खाली उभं राहून दिसतं ते फक्त पाणी.

अंधारबनही कुणीतरी सुचवेल, म्हणून आधीच सांगतो: मधल्या पावसाळ्यांत वनखात्याने तेही बंद ठेवलं होतं. निघण्यापूर्वी विचारून घ्या.

---

कट्टेकरी_पुणे | १६ जून, रात्री ११:३०

सगळे मिळून मास्तरांना लेण्यांत पाठवताय 😄 हलके घ्या. माझी एक सूचना, टिंगल नाही: बुटांकडे बघा. पांढरे सपाट तळाचे स्नीकर्स घालून निम्मी पोरं येतात आणि शेवाळावर पहिल्याच ओढ्यात आडवी होतात. अ‍ॅक्शन कंपनीचे ट्रेकिंगचे बूट घ्या म्हणावं, स्वस्तात मस्त.

---

भूगोलमास्तर | २३ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

धागा वर काढतोय. काल देवकुंड झालं. जुलैत भाजे केलं होतं, तेही छान झालं, पण ते पुन्हा कधीतरी.

शेवटी ४१ मुलं आली. तीन शिक्षक, दोन माजी विद्यार्थी, आणि पाटणूसकरांच्या भावाने गावातले दोघं जोडून दिले. दमा असलेल्या दोघींची नावं डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार आधीच कळली होती, इनहेलर एक त्यांच्याकडे, एक माझ्या सॅकमध्ये.

बंधाऱ्याच्या काठाने चालताना सगळ्यांना थांबवून डोंगरावरून उतरणारे पॉवरहाऊसचे पाइप दाखवले. मुळा-निळेचं जे पाणी एरवी भीमेतून, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं, ते टाटांनी मुळशीला अडवून १९२७ पासून सह्याद्रीच्या अलीकडे, कोकणात उतरवलंय. त्याच धरणाविरुद्ध १९२१ ते २४ सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला. हे वर्गात तीनदा शिकवलं होतं. पाइपाखाली उभं राहून एका मुलाने विचारलं, "सर, म्हणजे कोलाडला राफ्टिंगला जे पाणी असतं ते हेच?" हेच. पॉवरहाऊस चालतं, पाणी सुटतं, म्हणून कुंडलिकेत उन्हाळ्यातही राफ्टिंग होतं. वर्गात हा प्रश्न आला नव्हता.

पहिल्या ओढ्यावर दहा मीटर दोरी ताणली. वाळलेलं पान सोडायचं आणि मोबाइलवर वेळ घ्यायची. पाचही गटांची उत्तरं वेगळी. भांडणं झाली. मग एकीच्या लक्षात आलं की त्यांचं पान कडेने गेलं आणि दुसऱ्यांचं मधून. काठाशी पाणी हळू, मध्ये जोरात, वर जोरात, तळाशी हळू. म्हणून सरासरी वेग काढायला पृष्ठभागाचा वेग साधारण ०.८५ ने गुणायचा हे पुस्तकातलं वाक्य मला सांगावं लागलं नाही.

नंबर ओरडायचा प्रकार सुरुवातीला बालवाडी वाटला त्यांना. तिसऱ्या ओढ्यापर्यंत त्याचं गाणं झालं होतं. १७ नंबरवाली दर वेळी वेगळ्या आवाजात ओरडायची आणि १८ नंबरला हसू आवरायचं नाही, तिथे साखळी तुटायची. एकीच्या बुटाचा तळ चढावर उघडला (पांढरे स्नीकर्स, कट्टेकरी!). गाइडने झाडावरची वेल सोलून तो असा आवळला की भिऱ्यापर्यंत टिकला.

कुंड पाहिल्यावर मात्र सगळे गप्प. तीन बाजूंनी काळा कातळ, त्यात आडवे थर स्पष्ट दिसतात. मधला मऊ थर आत खाल्ला गेलाय आणि वरचा कठीण थर छपरासारखा पुढे आलाय. धबधबा मागे मागे कसा सरकतो, हे दाखवायला फळा लागला नाही. कुंडात कोणी उतरलं नाही. परतताना खालच्या पसरट जागी ४० मिनिटं दिली होती, तिथे जे काही चाललं होतं त्याचा अहवाल देत नाही. @शेवटचा_बाक, तुझे विशेष आभार.

मुलींच्या सोयीचं विचारलं होतं म्हणून: गावात जिथे जेवलो त्या घरी न्हाणीघर दिलं. पण २४ मुली आणि एक न्हाणी, त्यातच पाऊण तास गेला. पुण्यात पोचायला साडेनऊ झाले. पालक गेटवर उभे होते.

---

सह्यभटकी | २३ नोव्हेंबर, दुपारी ४:४५

वा! फोटो टाका मास्तर. पानाच्या शर्यतीचे आधी.

---

कट्टेकरी_पुणे | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:२०

स्नीकर्सवाली सापडलीच शेवटी. मी डिसेंबरात जातोय, राजमार्गाने, गाइड घेऊन. खूश?

---

इयत्ता_नववी_पालक | २४ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

आमच्या शाळेची जानेवारीत नववीची सहल आहे, साधारण ६० मुलं. एवढ्या मोठ्या बस गावापर्यंत जातात का? आणि जेवण आयत्या वेळी मिळतं का?

---

पाटणूसकर | २४ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

बस येते ताई, पण ताम्हिणीच्या वळणांवर मुलांना बस लागते, पिशव्या ठेवा. नववीच्या मुलांना जाऊन-येऊन १३ किलोमीटर जड जाईल. सगळ्यांना कुंडापर्यंत न्यायचा हट्ट नको. दोन गट करा, दमलेल्यांना बंधाऱ्याजवळ थांबवायला दोन बाई ठेवा. जेवण किती पानांचं ते आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगा. पिठलं, भाकरी, भात, आमटी होईल. ६० मुलांच्या भाकऱ्या म्हणजे पहाटे चारला चुली पेटवाव्या लागतात, आयत्या वेळी जमत नाही. आणि न्हाणीघरं तीन-चार घरांत सांगून ठेवतो.